वाक्य खरं, पण कुठलं?

रुग्णालय व्यवस्थापनातल्या पदव्युत्तर पदवीवर, म्हणजे सगळे जिला एमएचए म्हणतात तिच्यावर, ठाण्यातल्या एका अभ्यासिकेसाठी मराठीत चार पानी माहितीपत्रक करायचं ठरलं. इंग्रजीत माहिती भरपूर आहे. ती मराठीत आणायची, शेवटी ठाणे-नवी मुंबईतल्या संस्था जोडायच्या, असा अंदाज होता आणि तो साफ चुकला. भाषांतराला वेळ लागलाच नाही. वेळ गेला तो प्रत्येक वाक्य कोणत्या देशातलं आहे हे शोधण्यात.

विचारायला येणारी मुलं-मुली बहुतेक बीएचएमएस, बीएएमएस, बीपीटी किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली असतात. त्यांचे प्रश्न साधे असतात. मान्यता कुणाची लागते, प्रवेश परीक्षा कोणती, एमबीबीएस नसलं तर चालतं का, नोकरी कुठल्या हुद्द्यावर लागते. या प्रश्नांना हाताशी असलेल्या इंग्रजी संदर्भांत उत्तरं होती, आणि त्यांतलं एकही खोटं नव्हतं. ‘या पदवीला सीएएचएमई ही संस्था अधिस्वीकृती देते.’ खरं आहे, पण ही संस्था मुख्यतः अमेरिका-कॅनडातले अभ्यासक्रम तपासते. नवी मुंबईतल्या नेरूळ किंवा कामोठ्यात प्रवेश घेणाऱ्याने आपल्या संस्थेच्या माहितीपत्रकात ते नाव शोधलं, तर ते सापडणार नाही, आणि पदवी बोगस आहे असा त्याचा समज होईल. वाक्यातून देशाचं नाव गळलं की एवढं होऊ शकतं.

म्हणून पहिली पायरी रंगवण्याची. मूळ मजकूर दोन ओळींत भरपूर अंतर ठेवून छापायचा आणि तीन हायलायटर घेऊन बसायचं. जगात कुठेही खरं असेल ते पिवळं. एकाच देशात खरं, आणि देशाचं नाव वाक्यात आहे, ते गुलाबी. एकाच देशात खरं, पण नाव नाही, ते हिरवं. पिवळं फार थोडं निघतं: रुग्णालयाचे पैसे, माणसं, साधनसामग्री आणि सेवेचा दर्जा सांभाळायला शिकवणारी पदवी, एवढंच जवळपास. बाकी पानभर हिरवळ. हे काम दोघांनी स्वतंत्रपणे करून मग ताडून पाहावं. एकाला सवयीने पिवळं वाटलेलं वाक्य दुसऱ्याला हिरवं दिसतं, आणि बहुतेक वेळा दुसराच बरोबर असतो.

इतिहासाच्या परिच्छेदात हे लगेच लक्षात येतं. या विषयाचा विद्यापीठातला पहिला अभ्यासक्रम म्हणून १९३४ सालच्या शिकागो विद्यापीठाचं नाव येतं, आणि तिथून पुढे सगळी गोष्ट अमेरिकेचीच चालते. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, भारत यांची नावं शेवटच्या परिच्छेदात, ‘इतर देशांत’ या शीर्षकाखाली. त्या ‘इतर’मध्ये भारतातले एकशेचाळीस कोटी लोक बसवले आहेत. ‘इतर’, ‘सर्वसाधारणपणे’, ‘बहुतेक अभ्यासक्रमांत’ हे शब्द दिसले की तिथे पेन टेकवून थांबायचं आणि विचारायचं, बहुतेक म्हणजे कुठले?

दुसरी पायरी शब्दांची. खरी पडझड इथेच होते, कारण शब्द ओळखीचे असतात.

‘ग्रॅज्युएट डिग्री’ हा अमेरिकेतला शब्द पदव्युत्तर पदवीसाठी आहे. आपल्याकडे ग्रॅज्युएट म्हणजे पदवीधर. यंत्राने केलेल्या मराठी मजकुरात तो ‘पदवी अभ्यासक्रम’ होतो आणि बारावी झालेला मुलगा चौकशीला येऊन उभा राहतो. बारावीनंतरचे रुग्णालय व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम आहेत, पण ते वेगळे.

‘रेसिडेन्सी’ म्हणजे तिकडच्या एमएचएमध्ये रुग्णालयाच्या प्रशासनात केलेलं प्रत्यक्ष काम. आपल्याकडे रेसिडेंट म्हणजे रात्रभर वॉर्डात जागणारा निवासी डॉक्टर. ‘अभ्यासक्रमात निवासी प्रशिक्षण असते’ असं छापलं की बीपीटी झालेली मुलगी वसतिगृहाबद्दल विचारते. तिथे ‘रुग्णालयात प्रत्यक्ष काम’ असं सरळ लिहावं.

सगळ्यात मोठा खड्डा ‘नर्सिंग होम’चा. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे दीर्घकाळ शुश्रूषा लागणाऱ्या, मुख्यतः वृद्धांची निवासव्यवस्था, आणि तिच्या प्रशासकाला राज्याचा परवाना लागतो, त्यासाठी परीक्षा असते. ठाण्यात नर्सिंग होम म्हणजे नौपाड्यातल्या एखाद्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचं दहा-पंधरा खाटांचं खाजगी रुग्णालय, बहुधा प्रसूतीचं. त्याला १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली महापालिकेकडे नोंदणी लागते आणि दर ३ वर्षांनी नूतनीकरण. नोंदणी जागेची होते. व्यवस्थापकाने बसायची परीक्षा नसते. ‘नर्सिंग होम प्रशासक होण्यासाठी परवाना परीक्षा आवश्यक’ हे वाक्य इथे जसंच्या तसं आणलं तर ते पूर्ण खोटं ठरतं.

‘मान्यता’ या एका मराठी शब्दात चार वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. विद्यापीठाला पदवी देण्याचा अधिकार असणं, महाविद्यालयाची विद्यापीठाशी संलग्नता, नियामकाची मंजुरी आणि दर्जा तपासून दिलेली अधिस्वीकृती. सीएएचएमईची अधिस्वीकृती ऐच्छिक असते. ती नसली तरी पदवी अवैध होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, १९५६ च्या कायद्यातल्या कलम २२ ची गोष्ट निराळी. तिथे अधिकार नसलेल्या संस्थेने दिलेली ‘पदवी’ ही पदवीच नाही. माहितीपत्रकात चारही गोष्टींना चार शब्द वापरले आणि ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द कुठेच येऊ दिला नाही. त्यात एक पाचवी गल्लतही होते: एनएबीएच हे रुग्णालयांचा दर्जा तपासणारं राष्ट्रीय मंडळ रुग्णालयाला प्रमाणित करतं, अभ्यासक्रमाला नाही. ‘एनएबीएच मान्यताप्राप्त एमएचए’ अशी जाहिरात दिसली तर संस्थेचं रुग्णालय प्रमाणित आहे, एवढाच तिचा अर्थ होऊ शकतो.

मराठी नाव काय द्यायचं, हाही प्रश्न आला. मूळ इंग्रजी नाव ‘मास्टर ऑफ हेल्थ (किंवा हॉस्पिटल) ॲडमिनिस्ट्रेशन’, म्हणजे त्यातला ‘एच’ कुठे हेल्थचा, कुठे हॉस्पिटलचा. ‘आरोग्य प्रशासन’ शब्दशः बरोबर आहे, पण मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ‘साथीसाठी आरोग्य प्रशासन सज्ज’ हे आठवतं, म्हणजे सरकारी आरोग्य खातं. म्हणून मथळ्यात ‘रुग्णालय व्यवस्थापन’, आणि आरोग्यसेवेचा व्यापक भाग जिथे खरोखर शिकवला जातो तिथे वेगळा उल्लेख. आद्याक्षरांचा भरवसा धरू नये. भारतात एमएचए शोधलं की केंद्रीय गृह मंत्रालय पुढे येतं, आणि बोट घसरून दोन अक्षरं जास्त पडली तर म्हाडाची सोडत.

यानंतर पडताळणी. प्रत्येक हिरव्या वाक्यापुढे तीन रकाने आखायचे: देश, ठरवणारी यंत्रणा, वर्ष. तिन्ही भरले तरच वाक्य मराठीत न्यायचं. एका वाक्याला सहज वीस-पंचवीस मिनिटं जातात. शोधयंत्रात ठाण्यातून टाइप केलं की पहिलं पानभर ‘टॉप १० कॉलेजेस’ची संकेतस्थळं येतात. तिथली माहिती एकमेकांवरून उतरवलेली असते, त्यामुळे चार ठिकाणी तेच वाक्य सापडलं म्हणून पडताळणी झाली असं धरू नये. चारही एकाच विहिरीचं पाणी.

मूळ जागा मोजक्याच आहेत, आणि प्रत्येकीचा उपयोग वेगळा. पदवी देण्याचा अधिकार यूजीसीच्या विद्यापीठांच्या यादीत पाहायचा. व्यवस्थापनाचा एमबीए किंवा पीजीडीएम असेल तर तंत्र व व्यवस्थापन शिक्षणाची नियामक असलेल्या एआयसीटीईच्या मंजूर संस्थांच्या यादीत त्या शैक्षणिक वर्षाची नोंद पाहायची, गेल्या वर्षीची नाही. एमएचए नावाची पदवी तिथे दिसली नाही तरी घाबरायचं कारण नाही, ती आरोग्यविज्ञान शाखेखाली चालत असू शकते. पीजीडीएम ही पदविका आहे, पदवी नव्हे, हे ठळक लिहावं; पुढे पीएचडी किंवा सरकारी जाहिरातीत ‘पदव्युत्तर पदवी’ मागितली की त्यावरून अडतं.

डॉक्टरांचा रस्ता वेगळा आहे आणि परदेशी संदर्भांत तो दिसतच नाही. एमबीबीएस झालेल्याला रुग्णालय प्रशासनात एमडी करता येतं: तीन वर्षांचं, नीट-पीजी या प्रवेश परीक्षेतून, राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कक्षेत. दिल्लीच्या एम्सची याच विषयातली पदवी पूर्वी एमएचए म्हणून ओळखली जायची, आता तीही एमडी आहे आणि तिचा प्रवेश आयएनआय-सीईटी या वेगळ्या परीक्षेतून होतो. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचं, एमडीच्या समकक्ष डीएनबीही आहे. जुन्या लेखात ‘एम्सची एमएचए’ वाचून बीएएमएस झालेला विद्यार्थी तिकडे अर्ज करायला निघाला, तर त्याची चूक म्हणता येत नाही. लेखात वर्षच दिलेलं नसतं.

देशाचं नाव गळण्याचा दुसरा परिणाम हुद्द्यांवर होतो. अमेरिकी मजकूर वाचून वाटतं की पदवी घेतली की रुग्णालयाचा कारभार हाती. महाराष्ट्रात जिल्हा रुग्णालयाचा प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक असतो, ग्रामीण रुग्णालयाचा वैद्यकीय अधीक्षक, आणि दोन्ही पदांवर डॉक्टरच असतात. बिगर-एमबीबीएस एमएचएवाल्याला सुरुवात मिळते ती खाजगी रुग्णालयात: ऑपरेशन्स, क्वालिटी, बिलिंग, टीपीए डेस्क (म्हणजे विम्याचे दावे हाताळणारं टेबल), फ्रंट ऑफिस. हे माहितीपत्रकात पहिल्या पानावर घातलं. शेवटच्या पानावर गेलं असतं तर ते कुणी वाचलं नसतं.

श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिटची, तुलना करताना सगळ्यात जास्त चुका सापडल्या. ‘६० क्रेडिटचा अभ्यासक्रम’ हा आकडा तीन ठिकाणी तीन अर्थांचा असतो. अमेरिकेत एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ आठवडे दर आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास स्वतःचा अभ्यास, म्हणजे जवळपास ४५ तास. युरोपच्या ईसीटीएस पद्धतीत एक क्रेडिट २५ ते ३० तासांचं. आपल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे १,२०० तास आणि ४० श्रेयांक, म्हणजे एकाला ३० तास. हिशेब मांडला की ६० अमेरिकी क्रेडिट म्हणजे २,७०० तास, ६० युरोपीय म्हणजे १,५०० ते १,८००, आणि आपले दोन वर्षांचे ८० श्रेयांक म्हणजे २,४००. नुसते आकडे शेजारी ठेवले तर ८० हे ६० पेक्षा मोठं दिसतं, तासांत मोजलं तर उलटं निघतं. म्हणून तक्त्यात श्रेयांकांचा रकानाच काढला आणि तास घातले. यात वर्गात बसायचे तास आणि घरी अभ्यासाचे तास मिसळलेले आहेत, ही तळटीप मात्र हवी. नाहीतर विद्यार्थी वेळापत्रकात २,४०० तास शोधत बसतो.

अभ्यासक्रमातल्या विषयांवर सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि तो देण्यासारखा होता. परदेशी मजकुरात ‘आरोग्य कायदा’ या विषयाखाली १९६५ चे मेडिकेअर-मेडिकेड, १९९६ चा एचआयपीएए, २०१० चा अफोर्डेबल केअर ॲक्ट असे अमेरिकेचे कायदे असतात. ठाण्यात रुग्णालयाच्या कार्यालयात बसणाऱ्याच्या टेबलावर यांतलं एकही येत नाही. त्याच्या टेबलावर येतं ते असं: शुश्रूषागृह नोंदणी, २०१६ चे जैव-वैद्यकीय कचरा नियम, सोनोग्राफी यंत्र असेल तर गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याची नोंदवही आणि एफ फॉर्म, कामगार रुग्ण असतील तर ईएसआयसी म्हणजे कामगार विमा, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. त्यात टीपीए डेस्कचं रोजचं युद्ध. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. डिस्चार्ज सकाळी लिहिला आणि पेशंट संध्याकाळी घरी गेला, तर उशीर फाइल पाठवण्यात झाला, औषधांच्या बिलात, की मंजुरीत, हे वेळा टिपून काढता येणं म्हणजे या नोकरीतलं निम्मं काम.

आणि भारतभरासाठी लिहिलेल्या पुस्तकांतूनही सुटणारी एक गोष्ट: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याचं कलम ४१ एए. त्याखाली आलेल्या योजनेप्रमाणे राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. काउंटरवर उत्पन्नाचा दाखला घेऊन उभ्या असलेल्या नातेवाइकाशी कसं बोलायचं, निधीचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कसा द्यायचा, हे इथल्या व्यवस्थापकाला आलंच पाहिजे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचंही तेच. संस्थेचा अभ्यासक्रम मागवून त्यात हे विषय आहेत का पाहा, नुसतं ‘हेल्थ लॉ’ लिहिलं असेल तर विचारा, अशी ओळ माहितीपत्रकात घातली. जिथे शिकवण्यासाठी परदेशी पाठ्यपुस्तक जसंच्या तसं वापरतात, तिथे ही उणीव पदवी मिळेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

पगाराचा परिच्छेद थोडक्यात उरकला. सगळीकडे उद्धृत होणारा आकडा अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या ‘वैद्यकीय व आरोग्यसेवा व्यवस्थापक’ या गटाचा असतो. त्या गटात वर्षानुवर्षं काम केलेलेही धरलेले असतात, आणि त्या विभागाने या कामासाठीचं सामान्य शिक्षण पदवी एवढंच दिलं आहे, पदव्युत्तर नाही. तो आकडा डॉलरच्या भावाने गुणून रुपयांत लिहिण्याला काहीही अर्थ नाही. त्याऐवजी, गेल्या वर्षीच्या तुकडीतल्या किती जणांना कुठल्या हुद्द्यावर नोकरी लागली आणि हातात किती पडतात, सीटीसी (म्हणजे कंपनी दाखवते तो एकूण वार्षिक आकडा) किती नव्हे, हे संस्थेला लेखी विचारा, एवढंच लिहिलं.

इथपर्यंत अमेरिकेचा रंग धुऊन निघाला. पण पहिला मसुदा पुन्हा तीन हायलायटर घेऊन वाचला तेव्हा हिरवं पुन्हा उगवलेलं होतं, या वेळी आमचंच. ‘भारतात ही पदवी’ असं लिहिलेल्या परिच्छेदातली सगळी नावं मुंबई, पुणे आणि दिल्लीची. जयपूर नाही, वेल्लोर नाही. ‘प्रवेश सीईटीतून’ असं वाक्य, जे फक्त महाराष्ट्राच्या सीईटी कक्षातून होणाऱ्या एमबीए-एमएमएसला लागू. देवनारची टीआयएसएस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), नेरूळचं डी. वाय. पाटील, कामोठ्याचं एमजीएम ही तिन्ही अभिमत विद्यापीठं, म्हणजे विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्था. त्यांची प्रवेशपद्धत राज्याच्या सीईटीवर अवलंबून नाही आणि प्रत्येकाच्या माहितीपुस्तिकेत दर वर्षी ती पुन्हा पाहावी लागते. प्रवासाबद्दलही आमचं गृहीतक ठाणे स्टेशनच्या पश्चिमेचं होतं. ट्रान्स-हार्बरने नेरूळ सरळ आहे, कामोठ्यासाठी पनवेल गाडीने मानसरोवर. पण मुरबाडहून येणाऱ्याला आधी कल्याण गाठायचं असतं, तिथून ठाणे, आणि मग ही गाडी.

जिल्ह्याच्या चाळणीने तर एक पानच गाळलं होतं. सरकारी याद्यांत ‘ठाणे’ निवडलं की वाशी, नेरूळ, बेलापूर येतं. खारघर, कामोठे, पनवेल येत नाही, कारण नवी मुंबई दोन जिल्ह्यांत पसरली आहे आणि हा भाग रायगडचा. देवनार मुंबई उपनगर जिल्ह्यात. पत्त्यावर ‘नवी मुंबई’ लिहिलेलं, यादीत ‘रायगड’. त्यामुळे ठाणे, रायगड, मुंबई उपनगर असे तिन्ही जिल्हे वेगवेगळे निवडून याद्या काढायच्या आणि पिनकोडवरून जुळवायच्या. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. त्याआधीच्या यादीत वसई-विरारच्या संस्था ठाण्याखाली असतात, म्हणून यादीवरची तारीखही बघायची.

संस्थांची यादी लांबवायचा मोह होतो. ती आवरली. नावं जितकी जास्त तितकी ती लवकर शिळी होतात, आणि आपल्या गावची नावं भरून अमेरिकेचा पूर्वग्रह हटत नाही, त्याच्या जागी ठाण्याचा बसतो. नावं अर्ध्या पानात बसवली आणि उरलेली जागा संस्थेला विचारायच्या प्रश्नांना दिली: पदवी कोण देणार, तिचं नाव प्रमाणपत्रावर नेमकं कसं छापणार, रुग्णालयात प्रत्यक्ष काम किती आठवडे, ते संस्थेच्याच रुग्णालयात की बाहेर, प्रबंध असतो का, एमबीबीएस नसलेल्यांची जागा वेगळी मोजतात का. परदेशी जाणाऱ्यांसाठी दोन ओळी: तिकडच्या बऱ्याच विद्यापीठांत तीन वर्षांच्या पदवीवर प्रवेश अडतो, आणि परत आल्यावर पदवीची समकक्षता वेगळी घ्यावी लागते.

प्रत्येक पानाच्या तळाशी लहान अक्षरांत तीन गोष्टी छापल्या: हे पान कोणत्या राज्यापुरतं खरं, कोणत्या शैक्षणिक वर्षासाठी, आणि शेवटचं कधी तपासलं. जुन्या प्रती अभ्यासिकेच्या काचेखालून काढून टाकण्याची जबाबदारी एका माणसाकडे दिली आहे. पुढची तपासणी सीईटीची नोंदणी उघडायच्या महिनाभर आधी, तेच तीन हायलायटर घेऊन.